स्ट्रीमला 'प्रवाह' की 'ओघ'? आणि 'त्रुटी प्रवाह' म्हणजे काय?

परळकरीण: मंडळी, अडलंय. आमच्या परळच्या वर्गातल्या मुलांसाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेवरच्या एका पुस्तिकेचं मराठी करतेय. मी लिहिलं होतं, 'प्रोग्राम सुरू होताना त्याला तीन ओघ आयते मिळतात.' ओघ म्हणजे स्ट्रीम, प्रोग्रामची माहिती आत-बाहेर जायची वाट: स्टँडर्ड इनपुट (आत येणारं), स्टँडर्ड आउटपुट (बाहेर जाणारं) आणि स्टँडर्ड एरर (चुकांचे संदेश बाहेर नेणारं). तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारून 'प्रमाण प्रवाह' केलं आणि तिसऱ्याला 'त्रुटी प्रवाह'. मुलांना वाचायला दिलं तर एकाने विचारलं, "मॅडम, प्रवाहात त्रुटी आहे तर वापरायचा कशाला?" आता बोला.

जुना_टायपिस्ट: 'तीन ओघ' कानाला खटकतं. बोलण्याचा ओघ, भाविकांचा ओघ, पण ओघ कुणी मोजत नाही. प्रवाह मोजता येतात. 'प्रमाण' मात्र चूक. इथे स्टँडर्ड म्हणजे दुसरं काही सांगितलं नाही तर नेहमीचा, ठरलेला. आमच्या कचेरीत आवक-जावक बारनिशी होती. आवक, जावक. विषय संपला.

सेमीकोलन: काका, ते इनपुट-आउटपुटला झालं. स्ट्रीमला काय? युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमकडून प्रोग्रामला प्रवाह वगैरे काही मिळत नाही, नुसते आकडे मिळतात: 0, 1, 2. पुढे प्रत्येक भाषा त्यावर आपापली झूल चढवते. सी त्याला 'फाइल' म्हणते, कीबोर्ड असला तरी. जावात आउटपुटला प्रिंटस्ट्रीम, हास्केलमध्ये हँडल, म्हणजे चक्क मूठ. पायथन 3 मधलं एसटीडीआउट, म्हणजे स्टँडर्ड आउटपुट, तर तीन मजली: वर अक्षरं, मध्ये बाइट साठवणारा बफर, तळाला तो आकडा. यातल्या कुठल्या मजल्याला प्रवाह म्हणायचं? त्यात 2014 साली जावा 8 मध्ये आणखी एक 'स्ट्रीम' आलं, त्याचा इनपुट-आउटपुटशी संबंध नाही.

परळकरीण: 'धारा' चालेल का मग?

सेमीकोलन: दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारा' आहे. पोरं शॉक लागेल म्हणून कीबोर्डला हात लावणार नाहीत.

खाडीपलीकडचा: पाण्याचाच शब्द हवा. 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत डग मॅकिलरॉय यांनी टिपण लिहिलं होतं की प्रोग्राम बागेतल्या पाण्याच्या पाइपसारखे एकमेकांना जोडता आले पाहिजेत. 1973 मध्ये युनिक्समध्ये पाइप आला, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या इनपुटला जोडायची सोय. आणि बफरला पिंप म्हणा. चाळीत पहाटे पाणी यायचं तेव्हा पिंप भरेपर्यंत आई कुणाला तांब्या बुडवू द्यायची नाही. सीमधलं आउटपुट सहसा तसंच. समोर टर्मिनल, म्हणजे पडदा, असेल तर ओळ संपली की ओततं. पुढे पाइप किंवा फाइल असली की पिंप भरल्याशिवाय थेंब नाही. एका नोकरीत रात्री दोनपर्यंत रिकामी लॉग फाइल बघत बसलो होतो, प्रोग्राम मेला समजून. फ्लश करायचं, म्हणजे पिंप मुद्दाम ओतायचं, राहिलं होतं, एवढंच. सीमधल्या स्टँडर्ड एररला मात्र सहसा पिंप नाही. बोंब थेट बाहेर.

शुद्धमती: पाठ्यपुस्तकात 'बोंब' आणि 'पिंप'? पाइपला नलिका, बफरला संचयिका. शब्द घडवला की रुळतो. 'महापौर' रुळला नाही का?

सेमीकोलन: महापौर रोज पेपरात येतो म्हणून रुळला. संचयिका म्हटलं की मला शाळेतलं बचतीचं पासबुक आठवतं.

जुना_टायपिस्ट: त्रुटीचं सांगतो, मी छपाईतही काढली आहेत काही वर्षं. बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटर होता, म्हणजे प्रकाशाने कागदावर अक्षरं उमटवणारं यंत्र. मजकूर जुळवायचा, कागदाची लांब पट्टी वासाच्या यंत्रातून काढायची, काही मिनिटं थांबायचं. आणि हाती काय, तर सुबक टायपात एकच ओळ: फाइल उघडता येत नाही. तेव्हा तक्रारींना वेगळी वाट काढून दिली. त्यामुळे 'त्रुटी' नकोच. 'तक्रार' म्हणा.

शुद्धमती: तक्रार अरबी आहे.

जुना_टायपिस्ट: बरं.

अलिबागची_आजी: माझा नातू हेच शिकतो म्हणून वाचत होते. प्रवाह म्हणजे वाहणारं पाणी ना? पण प्रोग्रामच्या हाती येतं ते पाणी नव्हे, पाणी जिथून जातं ते. त्याला आमच्याकडे पन्हळ म्हणतात. कौलांवरचं पाणी पन्हळीतून हौदात.

परळकरीण: आजी, हे सगळ्यात पटलं! तीन पन्हळी. एक आत येणारी, दोन बाहेर जाणाऱ्या.

खाडीपलीकडचा: पन्हळ नाही हो, ती पागोळी.

अलिबागची_आजी: पागोळी कौलाच्या कडेवरून थेट पडते, तिला पन्हळ लागत नाही. मुंबईच्या स्लॅबखाली राहून कसं कळणार?

शुद्धमती: आणि पन्हळ पुल्लिंगी. 'तो पन्हळ', अनेकवचनही पन्हळच.

सेमीकोलन: आमच्याकडे 'ते पन्हळ'.

परळकरीण: अहो, सोमवारी पुस्तिका छपाईला जातेय. निदान 'ती स्ट्रीम' की 'तो स्ट्रीम', तेवढं तरी सांगा.

खाडीपलीकडचा: आजी, पत्र्याचं असेल तरी पन्हळच म्हणायचं का?