चिऊची टोपी

वहिनी (ह्यूस्टन): सगळ्यांना नमस्कार. चिऊची डॅलसला कॉलेजला जायची तयारी होत आली. बॅगा झाल्या, छोटा कुकर झाला, मेतकुटाचा डबा झाला. अडलंय ते टोपीवर. तिच्या आत्याने, बेबीताईंनी, तिच्यासाठी रेंजर्स या बेसबॉल संघाची निळी टोपी पाठवली आहे आणि तिचे बाबा पडले ॲस्ट्रोजवाले, ते ती बॅगेत ठेवू देत नाहीत. दोन दिवस घरात हाच विषय आहे, म्हणून आता ग्रुपवरच टाकते.

मामा (कोल्हापूर): टोपीत काय एवढं? दोन्ही टीमा टेक्सासच्याच न्हवं?

दादा (ह्यूस्टन): मामा, फुटबॉलच्या तालमी म्हटल्या तर पाटाकडील आणि दिलबहारसुद्धा दोन्ही कोल्हापूरच्याच.

मामा: मग समजलं. शाहू स्टेडियमवर मी उभा जन्म काढलाय. आता नीट सांगा, कोण कुठला आणि भांडण कशावरनं?

दादा: भांडण नाही मामा, चुरस. आमचे ह्यूस्टन ॲस्ट्रोज, नारिंगी. बेबीचे टेक्सास रेंजर्स, त्यांचं मैदान डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधे आर्लिंग्टनला. दोन्हीत ४०० किलोमीटर, गाडीने चार तास. आमचा संघ १९६२चा. रेंजर्स १९७२ला वॉशिंग्टनहून उठून इथे आले. २०१२पर्यंत आम्ही वेगळ्या लीगमध्ये होतो, त्यामुळे गाठ क्वचित पडायची. २०१३ला ॲस्ट्रोजना त्यांच्याच लीगमध्ये, त्यांच्याच गटात टाकलं आणि तेव्हापासून वर्षभर एकमेकांसमोर. मोसमातले आपसातले सामने जो जास्त जिंकेल त्याला चांदीचा काउबॉय बूट मिळतो.

मामा: बूट? ढाल न्हाई?

दादा: बूटच. टेक्सास आहे हे. आणि छप्पर असलेलं एवढं मोठं स्टेडियम जगात पहिलं आमच्याकडे झालं, १९६५ला, ॲस्ट्रोडोम. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उजेडात उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. मग ऊन मिळेना, गवत मेलं. त्यावर उपाय म्हणून प्लॅस्टिकचं गवत अंथरलं, तेच पुढे जगभर गेलं. मला हे सांगताना अजून अभिमान वाटतो.

बेबी (आर्लिंग्टन): आणि आम्ही २०१९पर्यंत उघड्यावर बसून सामने पाहिले. जुलैत संध्याकाळी सात वाजता ३८ अंश. मानेवर ओला नॅपकिन ठेवून नऊ इनिंग, म्हणजे अख्खा सामना, बसायचं. मी इथे आले त्या पहिल्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या बायकांनी मला नेलं, शेजारच्या अनोळखी आजीबाईंनी त्यांच्या थर्मासमधला बर्फ माझ्या पाण्यात टाकला. तेव्हापासून मी रेंजर्सची. मामा, तुम्ही टेक्सास सुपर किंग्जचे सामने टीव्हीवर पाहता ना, ग्रँड प्रेअरीचे? ते मैदान आधी बेसबॉलचंच होतं, माझ्या घरापासून जवळ.

मामा: मग तुमच्यात जिंकलं कोण जास्त?

बेबी: आधी आमचं दुःख ऐका. २०११ची फायनल, सातपैकी सहावा सामना, सेंट लुईसला. रेंजर्सना पहिलं अजिंक्यपद मिळायला फक्त एक स्ट्राइक हवा होता. बॅट्समनने एक चेंडू हुकवला की संपलं, मामा. नवव्या इनिंगला डेव्हिड फ्रीजचा फटका आमच्या नेल्सन क्रूझच्या डोक्यावरून गेला, सामना बरोबरीत. दहाव्याला पुन्हा पुढे गेलो, पुन्हा एकच स्ट्राइक बाकी. आणि तेव्हा बॅटवर कोण? लान्स बर्कमन. दादाचा लाडका बर्कमन, ज्याने ह्यूस्टनमध्ये उमेदीची वर्षं काढली आणि त्या साली सेंट लुईसकडून खेळत होता. त्याने पुन्हा बरोबरी केली. अकराव्याला आम्ही हरलो, दुसऱ्या दिवशी सातवाही. मी सोफ्यावर बसून रडले. त्या रात्री दादाचा फोन आला. काही बोलला नाही, फक्त जेवलीस का विचारलं.

आई (पुणे): मला आठवतंय. तू दोन दिवस नीट बोलत नव्हतीस.

दादा: बर्कमनसाठी मला आनंद झाला होता आणि बेबीसाठी वाईट वाटलं होतं. दोन्ही एकाच वेळी.

चिऊ: मामाआजोबा, आमचं २०१७ही सांगते. तेव्हा मी १० वर्षांची होते. ऑगस्टमध्ये हार्वी वादळ आलं. आमच्या घरात दीड फूट पाणी होतं. ॲस्ट्रोजचे रेंजर्सशी तीन सामने ह्यूस्टनला व्हायचे होते, ते होणं शक्यच नव्हतं. ॲस्ट्रोज म्हणाले, आत्ता आर्लिंग्टनला तुमच्या यजमानपदाखाली खेळू, सप्टेंबरचे तुमचे सामने ह्यूस्टनला घेऊ. रेंजर्सनी नाही म्हटलं. शेवटी ते तीन सामने फ्लोरिडात झाले, जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये. आमचे खेळाडू घरच्यांपासून लांब.

बेबी: आमच्या संघाने आर्लिंग्टनला खेळा, यजमान तुम्ही, तिकिटांचे पैसेही तुम्ही घ्या, असं सुचवलं होतं. पण चिऊ, सप्टेंबरची तिकिटं विकली गेलीत हे कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. माणसं छतावर बसून होड्यांची वाट पाहत होती, तारखा बदलायला हव्या होत्या. मी तेव्हा रेंजर्सच्या ऑफिसला पत्रही लिहिलं होतं.

वहिनी: बेबीताईंनी आणखी काय केलं ते मी सांगते, त्या सांगणार नाहीत. रस्ता उघडला त्या दिवशी या गाडी भरून आल्या. ब्लीचच्या बाटल्या, रबरी हातमोजे, कचऱ्याच्या जाड काळ्या पिशव्या, एक कटर आणि थालीपिठाची भाजणी. भिंतींचं ओलं शीटरॉक, म्हणजे जिप्समचे तक्ते, कंबरेइतक्या उंचीपर्यंत कापून बाहेर टाकायचं होतं, नाहीतर बुरशी धरते. चार दिवस यांनी ते केलं. २ सप्टेंबरला ॲस्ट्रोज पहिल्यांदा घरी परतून खेळले, न्यूयॉर्क मेट्सशी, एकाच दिवसात दोन सामने. आमचा टीव्ही पाण्यात गेलेला. गाडीची चारही दारं उघडी टाकून रेडिओ मोठा केला आणि अंगणात ओल्या गाद्यांच्या ढिगाऱ्याशेजारी बसून आम्ही ऐकलं. ॲस्ट्रोजच्या प्रत्येक रनला टाळी पहिली बेबीताईंची.

मामा: बेबे, शाब्बास गं पोरी.

चिऊ: त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा अजिंक्य झालो. आणि दोन वर्षांनी कळलं की आपले लोक आपल्या मैदानावर कॅमेरा लावून समोरच्या कॅचरने पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, केलेल्या खुणा पाहत होते आणि कचऱ्याचा डबा वाजवून बॅट्समनला सांगत होते, कुठला चेंडू येतोय. मी बाबांना विचारलं, आपण फसवलं का?

दादा: मी हो म्हणालो. लीगने चौकशी केली, ५० लाख डॉलर दंड झाला, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर दोघंही गेले. त्या वर्षाचा आनंद खरा होता, शहर तेव्हा चिखलातून उठत होतं. पण केलं ते चुकलं, आणि लेकीला खोटं सांगून मला तिला चाहती करायचं नव्हतं. २०२२ला पुन्हा जिंकलो तेव्हा ती म्हणाली, बाबा, हे आपलं. मला ते पुरलं.

मामा: बरोबर. आणि नवरात्रातलं काय ते? आक्का मागं सांगत हुती.

आई: अरे, २०२३. घटस्थापनेला यांचा पहिला सामना आणि दसऱ्याच्या पहाटे सातवा. मी पहाटे साडेपाचला झेंडूचं तोरण ओवत बसले होते आणि फोनवर बेबी नि चिऊ दोघींचे मेसेज. एक आनंदाचा, एक रडका. कुणाला काय लिहावं कळेना.

बेबी: मामा, त्या मोसमात दोघांचे ९० विजय, ७२ पराभव, तंतोतंत सारखे. आपसात जास्त जिंकले म्हणून गट ॲस्ट्रोजना मिळाला. सप्टेंबरात तर त्यांनी आमच्याच घरी तीन सामन्यांत ३९ रन केल्या, आम्ही १०. आणि मग लीगच्या फायनलला, म्हणजे अजिंक्यपदाच्या आधीच्या फेरीला, पुन्हा हेच दोघं समोरासमोर, मोसमानंतरच्या प्लेऑफमध्ये पहिल्यांदाच. सात सामने झाले आणि सातही पाहुण्यांनी जिंकले. ह्यूस्टनला आम्ही, आर्लिंग्टनला ते.

दादा: पाचवा सांग.

बेबी: तो तू सांग. तुझा आहे.

दादा: आर्लिंग्टन, नववी इनिंग, आम्ही ४-२ने मागे. त्याआधी आठव्या इनिंगला त्यांच्या अदोलिस गार्सियाला चेंडू लागला, दोन्ही संघांची बाकं रिकामी, सगळे मैदानात, तिघांना बाहेर काढलं. खेळ बराच वेळ थांबला. मग आमचा होसे अल्तुवे आला. साडेपाच फूट उंची, मामा, व्हेनेझुएलाचा पोरगा. तीन रनचा होम रन, आपल्या षटकारासारखा. ५-४. मी स्वयंपाकघरात उभा होतो, हातातला चहा तसाच गार झाला.

बेबी: आणि माझा गार्सिया. क्यूबाहून आलेला. २०२१च्या सुरुवातीला रेंजर्सनी त्याला यादीतून काढला, तेव्हा बाकीच्या २९ संघांपैकी एकानेही त्याला घेतलं नाही. तो राहिला. सहाव्या सामन्याला मी ह्यूस्टनला आले होते, दादाने तिकिटं काढली होती. गार्सिया बॅटिंगला आला की अख्खं स्टेडियम हुर्यो करायचं. तो चार वेळा स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. नवव्या इनिंगला तीनही बेस भरलेले आणि त्याने भिरकावला. ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार रन. एवढा आवाज होता आणि एका क्षणात मला माझ्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

चिऊ: मी आत्याच्या शेजारीच बसले होते. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

वहिनी: दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. चिऊने सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह धुऊन, पुसून पूजेत ठेवला. बेबीताईंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, आज सामना आहे, काय मागितलंत? त्या म्हणाल्या, कुणाला दुखापत होऊ नये एवढंच.

दादा: रात्री हरलो, ११-४. गार्सियाने दोन होम रन मारले. मालिकेचा मानकरी तोच, १५ रन बॅटवर. सकाळी दसरा. आमच्या अंगणात एक झाड आहे, टेक्सासचंच, ॲनाकाचो ऑर्किड म्हणतात. कूळ आपट्याचं. पान लहान, पण तसंच मधून दुभंगलेलं. मी एक फांदी तोडली आणि बेबीच्या हातात पानं दिली. सोनं घे, सोन्यासारखी राहा, आणि आता जिंकूनच ये.

बेबी: जिंकलो. १ नोव्हेंबरला, अजिंक्यपद, पहिल्यांदा. पानं अजून माझ्या देव्हाऱ्यात आहेत.

मामा: आता टोपीचं. कोल्हापुरात पोरगी लग्न होऊन दुसऱ्या पेठेत गेली तरी तालीम माहेरचीच सांगते.

बेबी: मामा, माझं ऐका. नोलन रायन. ह्यूस्टनजवळच्या ॲल्विनमध्ये वाढलेला पिचर. १९८० ते ८८ ॲस्ट्रोजकडे खेळला. मालकांनी पगार कापायचं म्हटलं तेव्हा आमच्याकडे आला, आणि पाच हजारावा स्ट्राइकआउट आमच्याकडे, सातवा नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही हिट न देता काढलेला सामना, आमच्याकडे, वयाच्या ४४व्या वर्षी. रायन येऊ शकतो तर चिऊ का नाही?

दादा: पाचवा नो-हिटर आमच्याकडे. आणि रेंजर्सचा अध्यक्ष होऊन शेवटी तो ॲस्ट्रोजचा सल्लागार म्हणून परत आला, हे विसरू नकोस.

चिऊ: बाबा, आत्या, मी सांगू का? त्याचा ३४ नंबर दोन्हीकडे निवृत्त केलाय. आर्लिंग्टनला वर बघितलं तरी दिसतो, आपल्याकडेही. तिकडे रोज संध्याकाळी तो दिसणार असेल तर मला परकं नाही वाटणार. पण माझी टोपी नारिंगीच. ज्या दिवशी रेंजर्स दुसऱ्या कुणाशी खेळतील त्या दिवशी मी आत्याबरोबर मनापासून त्यांच्या बाजूने ओरडेन. ॲस्ट्रोज आले की मी पलीकडे बसणार.

बेबी: पलीकडे नाही. माझ्या शेजारीच बस, नारिंगी घालून. निळी टोपी माझ्या घरी खुंटीवर राहील, इतर दिवसांसाठी.

दादा: चालेल. बेबी, शनिवारी चारपर्यंत पोचतो. वाटेत मॅडिसनव्हिलला बकीजच्या पेट्रोलपंपावर थांबू.

आई: मेतकूट पुरेल का पण? आणखी पाठवू का कुणाबरोबर?

मामा: पुढचा तुमचा आपसातला सामना इकडं किती वाजता?

चिऊ: इथे संध्याकाळी सात, म्हणजे तुमच्याकडे पहाटे साडेपाच.

मामा: धारा काढायची वेळ. गोठ्यात फोन खुंटीला टांगतो, हात रिकामे न्हाईत. तू लिहू नगंस, बोलून पाठवत जा, चिऊ. रन झाला की सांग, दोन्ही बाजूंचा.