माटुंग्याचा रविवार: रांग, रसम वडा आणि कापी (म्हणजे फिल्टर कॉफी). तुमचेही किस्से येऊ द्या

भाचीने विचारलं, "मावशी, रविवारी ब्रंचला कुठे?" म्हटलं, माटुंगा. "तो तर नाश्ता झाला!" पण साडेअकराला रसम वडा, नीर डोसा आणि वर दोन कॉफ्या झाल्यावर दुपारी कोणी जेवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

सुरुवात माझ्यापासून, पुढचे किस्से तुम्ही पाठवलेले. लग्न ठरण्याआधी आम्ही 'निवांत बोलायला' कॅफे मद्रासला भेटलो. अर्धा तास रांगेत, मग चौघांच्या टेबलावर समोर अनोळखी आजी-आजोबा. आम्ही गप्प, तेच बोलत होते. उठताना आजी माझ्या कानाशी म्हणाल्या, "मुलगा चटणी टाकत नाही. बरा आहे." बोला आता.

*

माटुंग्यातल्या व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेजात होतो. महिनाअखेरीला चौघांत दोन डोसे आणि सांबार मात्र चार वेळा. तिसऱ्यांदा मागताना लाज वाटायची, म्हणून पाळी लावली होती. वाढपीअण्णांनी एकदा न मागताच वाट्या आणून ठेवल्या आणि म्हणाले, "आज कोणाची पाळी?"

*

मी पुण्याची, अमृततुल्यवर वाढलेली. पहिल्यांदा स्टीलचा पेला आणि खालचा डबरा समोर आला, तेव्हा कॉफी डबऱ्यात ओतून बशीसारखी भुरकली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आपली कॉफी उंचावरून दोनदा वरखाली केली, फेस आणला आणि पेल्यातून प्यायल्या. तो धडा अजून पुरतोय.

*

फिल्टर कॉफीतल्या चिकोरीला भेसळ म्हणणाऱ्यांसाठी: ते एका झाडाचं मूळ आहे, भाजून दळलेलं. त्यात कॅफीन नसतं, पण डिकॉक्शनला (फिल्टरमधून उतरणाऱ्या कोऱ्या अर्काला) रंग आणि दाटपणा येतो. मी मायसोर कन्सर्न्स या कॉफीच्या दुकानातून 80-20 (80 टक्के कॉफी, 20 टक्के चिकोरी) दळून आणतो. रात्रीच फिल्टर लावून झोपायचं. घाई करून वरून दाबलंत तर खाली गढूळ पाणी मिळेल. (अनुभवाचे बोल, पाहुणे समोर बसलेले.)

*

जरा तक्रार. एका ठिकाणी, नाव नको, कॉफीचा शेवटचा घोट तोंडात असताना बिल आलं आणि पाठोपाठ फडकंही. मी चिडून बाहेर आले. मग आठवलं, तासापूर्वी रांगेत उभी राहून मीच आत बसलेल्यांना "उठा की आता" म्हणत होते.

*

राम आश्रय हॉटेल, 1939 सालचं. बाबा अननसाचा शिरा घ्यायचे आणि वर "आईला सांगू नकोस." साखर होती त्यांना. ते वारल्यावर मी आईला तिथे घेऊन गेले. फळ्याकडे न बघता ती म्हणाली, "दोन अननस शिरा. एक बांधून द्या, तुझे बाबा कायम बांधून आणायचे माझ्यासाठी. 'लेकीला सांगू नकोस' म्हणून."