अत्याचार कळवण्याची सक्ती मुलांच्या हिताची आहे का?

मूळ मांडणी
मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यात, म्हणजे पॉक्सोमध्ये, मला सर्वांत मोलाचे वाटते ते कलम १९. अत्याचार झाल्याचे ज्याला कळले किंवा होईल अशी धास्ती वाटली, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, तर हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गुन्हेगार जवळचाच असला की घर अब्रू सांभाळते, संस्था नाव सांभाळते आणि मूल एकटे पडते. म्हणून ही सक्ती सैल करण्यास माझा ठाम विरोध आहे.

प्रतिसाद : समुपदेशक
मूल बोलते तेव्हा ‘कुणाला सांगू नका’ ही त्याची पहिली अट असते, आणि कायदा ती मला मोडायला लावतो. सतरा वर्षांची मुलगी स्वेच्छेच्या संबंधातून गर्भवती राहिली, तरी तिच्या संमतीला कायद्यात अर्थ नसल्याने डॉक्टरला कळवावेच लागते. त्या भीतीने ती दवाखानाच टाळते. मुलीने व पालकांनी विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२२ मध्ये म्हणावे लागले, ते उगाच नव्हे.

मूळ लेखक
त्या निकालाने ओळख झाकली, कळवण्याचे कर्तव्य रद्द केले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, महाराष्ट्रातील वसतिगृहातल्या मुलींवरील अत्याचार माहीत असूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील रद्द झालेला खटला त्याच न्यायालयाने पुन्हा जिवंत केला. तुमची अडचण खरी आहे, पण तिचे मूळ संमतीच्या वयात आहे. त्यावर स्वतंत्र वाद घालू. त्यासाठी सहा वर्षांच्या मुलाचे कवच कशाला काढायचे?

प्रतिसाद : वकील
मग हीच सक्ती हेळसांडीलाही लावणार का? बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातील मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण उपाशी मूल दिसले की शेजाऱ्याने ठाणेच गाठावे असे ठरले, तर गरीब आईबाप आधी आरोपी होतील आणि मुलाचे जेवण मागे राहील.

मूळ लेखक
हेळसांडीसाठी पोलीस नकोत, हे मान्य. तिथे १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे, बालकल्याण समितीने घरी चौकशी करून आधी मदत पोहोचवावी, आणि मदत मिळूनही मुलाला मुद्दाम उपाशी ठेवले जात असेल, तेव्हाच कलम ७५ लावावे.