मदत हवी आहे: भीतीने थिजणं आणि बक्षिसासाठीची धडपड थांबणं, एकच की वेगळं?

मंडळी, मी सोलापूरचा, एमएस्सी मानसशास्त्र करतोय. सेमिनारला भीतीचं अभिसंधान (एखादा आवाज त्रासाशी जोडला गेला की नुसत्या त्या आवाजाचीच भीती बसणं) घेतलंय.

एस्टेस आणि स्किनर यांचा १९४१ चा प्रयोग वाचलाय. भुकेला उंदीर खाण्यासाठी कळ दाबत असतो. मधेच आवाज सुरू होतो आणि शेवटी शॉक बसतो. काही वेळा असं झालं की नुसत्या आवाजानेच कळ दाबणं मंदावतं. गंमत म्हणजे कळ दाबली काय, न दाबली काय, शॉक बसणारच असतो. तरी तो समोरचं खाणं घालवतो! मोजमापही समजलं: आवाज चालू असतानाचे दाब भागिले ते अधिक त्याआधीच्या तेवढ्याच वेळातले दाब. फरक नसेल तर ०.५, पूर्ण बंद असेल तर ०.

अडतंय ते पुढे. वर्गात सांगतात, उंदीर थिजतो म्हणून कळ दाबत नाही, विषय संपला. मला पटत नाही, कारण आमचा कुत्रा मोत्या. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या दारूकामाने तो पार बिथरला. आता कुकरच्या शिट्टीआधीची सूंऽऽ ऐकली तरी कडक भाकरीच्या तुकड्यासाठी पंजा देत नाही. पण थिजत कुठे? कान मागे, शेपूट पोटाशी, ओट्यापासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. (आई म्हणते, कुकरच बदल.) या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचा पुरावा कुणाला माहीत आहे का?

प्रतिसाद:
आहे की. १९९९ मध्ये अमोरापंथ, नादेर आणि लडू यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतला पेरिॲक्वेडक्टल ग्रे हा भाग निकामी केला. आवाजाला थिजणं कमी झालं, कळ दाबणं मात्र पूर्वीसारखंच थांबत राहिलं. म्हणजे थांबण्याचं कारण नुसतं थिजणं नव्हे. सेमिनारचा कणा हाच ठेवा. मोत्याला उदाहरण म्हणून सांगा, पुरावा म्हणून नको. कुकरची सूं आणि दारूकामातल्या बाणाची सूं त्याच्या कानाला एकच वाटते, हा शेवटी अंदाजच आहे.

त्याच्यासाठी दारूकामाचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून सोबत भाकरी द्या, बावरला नाही तरच हळूहळू वाढवा. आणि फक्त स्वयंपाकघरात नको. एका जागी विझलेली भीती दुसरीकडे परत उसळते, मानसशास्त्रज्ञ मार्क बूटन यांचं काम त्यावरच आहे.

धागाकर्ता:
आभारी आहे दादा! अंगणात आणि गच्चीवरही करून बघतो. बूटन यांचं सुरुवातीला काय वाचू, तेवढं सांगाल का?