मदत हवी आहे: जुनी मेक्सिकन स्ट्रॅट (इलेक्ट्रिक गिटार) विकायची आहे, किंमत किती सांगू?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००३ची फेंडर स्टँडर्ड स्ट्रॅटोकास्टर आहे. मेक्सिकोतल्या एन्सेनाडाच्या कारखान्यातली, सीरियल नंबर एमझेड३ने सुरू होतो. सनबर्स्ट रंग, मेपलची नेक, रोजवूडचा फिंगरबोर्ड, २१ फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). हार्ड केस आहे. कॉलेजच्या बँडपासून ते गणपतीतल्या ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे माझ्यासोबत होती. मनगटाच्या ऑपरेशननंतर बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या) धरवत नाही, म्हणून विकतोय. कुणी हळहळू नका, युकुलेलेवर भागतंय.

घोडं अडलंय ते किमतीवर. दुकानात दाखवली तर ३० हजारांच्या वर जायला तयार नाहीत. कारण काय, तर पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं) बदललेत! अहो, मूळचे सिरॅमिक चुंबकांचे काढून सेमूर डंकन कंपनीचे बसवलेत, पदरचे चांगले पैसे घालून. मूळचे तिन्ही डब्यात जपून ठेवलेत. मला वाटत होतं की त्यामुळे भाव वाढेल.

दुसरं म्हणजे पहिले पाच-सहा फ्रेट झिजलेत. बरीच वर्षं रत्नागिरीत होती, त्यामुळे ब्रिजच्या सॅडलचे (तारा टेकतात त्या तुकड्यांचे) स्क्रूही गंजलेत. विकण्याआधी रीफ्रेट करून (फ्रेट नवे बसवून) घेऊ का?

एक गिऱ्हाईक जर्मनीला शिकायला चाललंय. रोजवूड असल्यामुळे विमानतळावर परवाना मागतात, असं त्याने कुठेतरी वाचलंय. आणि ऑनलाइन जाहिरातीवर एकजण गिटार न बघताच पूर्ण पैसे द्यायला तयार आहे, फक्त त्याने पाठवलेला क्यूआर कोड मी स्कॅन करायचा म्हणे. जाणकारांनी सांगावं.

सोल्डरवाला
त्या क्यूआरवाल्याला आधी ब्लॉक करा! पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार.

आता पिकअपचं. बदललेल्या भागांचे पैसे गिटारीसोबत सहसा वसूल होत नाहीत. घेणाऱ्याला 'जशी कारखान्यातून आली तशी' हवी असते, कारण आतलं सोल्डरिंग कुणी कसं केलंय ते त्याला दिसत नाही. मूळचे परत बसवा आणि डंकनचा सेट वेगळा विका. त्याला स्वतंत्र गिऱ्हाईक मिळतं. वायरी फार आखूड कापू नका म्हणजे झालं.

मंद्र सप्तक
रीफ्रेट अजिबात नको. तो खर्च किमतीत निघत नाही आणि प्रत्येकाला फ्रेट वेगळे हवे असतात, कुणाला जाड, कुणाला बारीक. खाचा खोल नसतील तर लेव्हलिंग-क्राउनिंगवर (फ्रेट घासून सारखे आणि गोल करण्यावर) भागेल. ते केलं नाही तरी चालेल, पण फोटो जवळून काढा, झीज स्पष्ट दिसू दे. न लपवणाऱ्या माणसाशी लोक घासाघीस कमी करतात, हा माझा अनुभव. सॅडलचे स्क्रू मात्र बदलाच. स्वस्त असतात, आणि गंज दिसला की गिऱ्हाईक लगेच ट्रस रॉडबद्दल (नेकचा बाक जुळवणाऱ्या आतल्या सळईबद्दल) शंका घेतं. रॉड दोन्ही बाजूंना फिरतो हे त्याच्यासमोर दाखवा.

परदेशी पाहुणा
रोजवूडचं भूत २०१७चं आहे. त्या वर्षी डालबर्जिया (म्हणजे रोजवूडच्या) वर्गातली सगळी झाडं साइटीसच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आली आणि वादक हैराण झाले. २०१९च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवूडला ती नाही, पण ते तुमच्या गिटारीवर नसणार. त्याला निर्धास्त नेऊ दे, फक्त केबिनमध्ये नेता येईल का ते विमान कंपनीला आधी विचारायला सांगा.

सामानात टाकावी लागलीच तर स्ट्रॅटची नेक चार स्क्रूंवर असते, सोडवून वेगळी गुंडाळता येते. लेस पॉल या गिटारीचं हेडस्टॉक (खुंट्यांचा शेंडा) मागे कललेलं असतं, ते प्रवासात मोडतं. तुमचं सरळ आहे. तारा थोड्या सैल करा आणि हेडस्टॉकखाली केसमध्ये मऊ कापड भरा.

सोल्डरवाला
किमतीचं राहिलं. २०१८मध्ये स्टँडर्ड बंद होऊन प्लेअर मालिका आली, लोक त्याच्याशीच तुलना करणार: २२ फ्रेट, अल्निको चुंबकांचे पिकअप. त्यामुळे 'जुनी म्हणजे व्हिंटेज' हे पालुपद लावू नका, २००३ला कुणी व्हिंटेज म्हणत नाही. दुकानदाराला स्वतःचा नफा काढायचा असतो, त्याचा आकडा हा तळ समजा. थेट वाजवणाऱ्याला विकलीत तर ४०च्या पुढे नक्की जाईल.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. पिकअप परत बसवायला दिलेत, स्क्रू मागवलेत. डंकनचा सेट सोल्डरवाला, तुम्हालाच हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, इतका जीव तोडून सांगताय म्हणून शंका आली. :)

जर्मनीवाला रविवारी येतोय. ४८ सांगणार, ४२च्या खाली सोडणार नाही. पट्टा आणि केबल त्यातच. अँप्लिफायर विकायचा नाही, कृपया विचारू नये.