मदत हवी आहे: शाळेत मुलांनी संगणक जोडला, पंखे फिरतात पण स्क्रीन काळी

शाळाबाई
शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. आमच्या विज्ञान मंडळातल्या आठवी-नववीच्या अकरा मुलांनी मिळून संगणक जोडलाय. बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवा लागतो, पण स्क्रीनवर काही म्हणजे काही येत नाही. तीन वेळा सगळं उघडून परत लावलं. मुलं रडकुंडीला आलीत आणि मीही. काय करू, लवकर सांगा. "दुकानात नेऊन द्या" हे कृपया सांगू नका, मग मुलांनी केलं काय?

जुनाखटारा
प्रोसेसर कोणता? बोर्ड कोणता? रॅम किती? मॉनिटरची केबल मागे नक्की कुठे लावलीय?

शाळाबाई
आयफाइव्ह. नवाकोरा. रॅम ८ जीबी. केबल जिथे लावतात तिथेच लावलीय.

जुनाखटारा
बाई, नुसतं आयफाइव्ह म्हणजे "मासे आणले" म्हटल्यासारखं झालं. बोंबील की पापलेट? खोक्यावर पुढे पाच आकडी नंबर असतो, शेवटी एखादं अक्षर असेल तर तेही सांगा. आणि प्रोसेसरशेजारी कोपऱ्यात ८ पिनांची वेगळी वायर लागते, ती लावलीत का? ती विसरली तरी पंखे फिरतातच, म्हणून विचारतो.

खोडरबर
एवढं काही नाही. रॅम काढा, सोनेरी पट्टी शाळेच्या खोडरबराने घासा, स्वच्छ कपड्याने पुसा, कट्ट आवाज येईपर्यंत परत दाबा. मी कितीतरी मशीन अशी उठवलीत.

जुनाखटारा
अहो, रॅम नवीन आहे त्यांची! नव्या रॅमला खोडरबर? चुरा खाचेत पडला तर दुसरंच दुखणं.

खोडरबर
मुंबईच्या दमट हवेत नवं काय आणि जुनं काय. तुमचं पुस्तकी ज्ञान तुमच्यापाशी.

अर्थिंग_आधी
शाळेच्या प्लगला अर्थिंग आहे का? कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? आमच्या जुन्या चाळीत तिसऱ्या भोकात वायरच नव्हती, नुसतं भोक. मुलं हात लावणार आहेत, आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. स्क्रीन नंतर.

पेंग्विनपंथी
विंडोजच्या नादी लागू नका. लिनक्स टाका. सी-डॅक या सरकारी संस्थेचं 'बॉस' नावाचं लिनक्स आहे, फुकट आहे, मराठी चालतं. मुलांना इनस्क्रिप्ट कळफलकही शिकवता येईल.

जुनाखटारा
स्क्रीन येत नाहीये त्यांची. कळफलकावर टाइप केलेलं दिसणार कुठे, भिंतीवर?

कुलाब्याचे काका
बाई, मुलांना प्रदर्शनात हेही सांगायला लावा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफरॅक नावाचा संगणक चालू झाला, आपल्याच लोकांनी बांधलेला. नाव १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ठेवलं. स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे हिशेबाने १० केबी. तुमच्या ८ जीबीशी ताडून बघायला सांगा. आणि बाई, राग मानू नका, त्यांनी संगणक 'बनवला' होता. आपण जोडतो.

पेंग्विनपंथी
काका, बाईंनी पहिल्याच ओळीत 'जोडलाय' असंच लिहिलंय.

कुलाब्याचे काका
मग बरोबर आहे. पुढच्यांसाठी सांगितलं.

शाळाबाई
८ पिनांची वायर लावलीय, मुलांनी ती व्हिडिओ बघून लावली. अर्थिंगचं शिपाईमामांना सांगितलंय. खोडरबर करून झालं, फरक नाही. बिल ऑफिसातल्या कपाटात आहे आणि चावी क्लार्कबरोबर विरारला गेलीय. पण खोकं सापडलं: आयफाइव्ह १२४०० एफ. बोर्ड एच ६१०. मॉनिटर लॅबमधला जुना, निळ्या टोकाची केबल बोर्डाच्या मागच्या निळ्या जागी लावलीय.

जुनाखटारा
मिळालं! तो एफ तुमचा चोर. इंटेलच्या एफवाल्या प्रोसेसरमध्ये चित्र काढणारा भाग चालू नसतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्यांसाठी तो थोडा स्वस्तात विकतात. मशीन बहुतेक धडधाकट आहे, दाखवणारा कुणी नाही एवढंच.

शाळाबाई
नववीतली एक मुलगी विचारतेय: बोर्डावर केबलची जागा आहे, मग बोर्ड चित्र का देत नाही? मला उत्तर देता आलं नाही.

जुनाखटारा
पोरगी हुशार आहे. तिला सांगा, बोर्डावरचं ते तोंड म्हणजे नुसता नळ. टाकी प्रोसेसरच्या पोटात. साध्या १२४०० मध्ये टाकी भरलेली असते, एफमध्ये नाही. तेच बोर्ड दोन्ही प्रोसेसरना चालतं, म्हणून नळ तेवढा सगळ्यांना लावून ठेवतात.

ग्रँटरोडकर
दुकानदाराने फसवलं! लॅमिंग्टन रोडला नेहमीचंच.

जुनाखटारा
खोक्यावर ठळक एफ लिहिलंय, यात फसवणूक कुठली? कार्ड आहे का एवढं विचारायला हवं होतं, हे मान्य.

शाळाबाई
यादी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने केली होती. तो घरी गेम खेळतो, त्याच्याकडे कार्ड असणारच. मीच विचारलं नाही. आता नवं कार्ड कुठून आणू, पैसे संपलेत.

जुनाखटारा
लॅबमधला एखादा बंद पडलेला पीसी उघडा. मागे केबलची जागा कॅबिनेटच्या आडव्या पट्टीवर असेल तर आत कार्ड आहे. जीटी ७१० सारखं छोटं मिळालं तर उत्तम, ते फक्त १९ वॉट खातं, वेगळी वायर लागत नाही. फार जुनं असेल तर या बोर्डावर कदाचित चित्र देणार नाही. आधी प्लग काढा, मग लांब खाचेत सरळ दाबा. निळी केबल आता कार्डाला, बोर्डाला नाही.

खोडरबर
जुन्या कार्डाची पट्टी मात्र घासून घ्या.

जुनाखटारा
हे मात्र बरोबर.

शाळाबाई
जीटी ७१०च निघालं! धुळीचा थर होता, मुलांनी रंगकामाच्या ब्रशने झाडलं. पट्टीही घासली, खोडरबरवाल्या दादांचे आभार. बटण दाबलं, चार सेकंद काळं, मग पांढरी अक्षरं. मुलं बाकांवर चढली, शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन दटावलं.

आता ते म्हणतंय, बूट डिव्हाइस सापडत नाही. स्क्रीन तर आली! शनिवार परवावर आलाय. लवकर सांगा.

पेंग्विनपंथी
आता माझी पाळी.

जुनाखटारा
थांबा हो. बाई, डिस्क कोणती लावलीय?

शाळाबाई
डिस्क म्हणजे?