माल सीलबंद होता तरी सरकारने जप्त का केला?

चौकसबुद्धी: अमेरिकेतल्या एफडीएच्या (म्हणजे अन्न आणि औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) कारवायांबद्दल वाचतोय. आग, पूर, ट्रक उलटला वगैरे झालं की नुकसान झालेला खाण्यापिण्याचा माल लॉटमध्ये उचलायचा, त्यातलं धड काय ते निवडायचं आणि स्वस्तात विकायचं, असा तिकडे रीतसर धंदा आहे. पण गोदामात उंदराच्या लेंड्या दिसल्या की सरसकट सगळंच जप्त? पाकीट फुटलेलं नाही, आतल्या मालात काही सापडलेलं नाही, मग कशाच्या जोरावर?

कायदेपंडित_नाही: सापडायलाच हवं असं नाहीये. तिकडच्या 1938 च्या अन्न-औषध कायद्यात सरळ म्हटलंय की घाणीत ठेवल्यामुळे अन्न दूषित झालं असण्याची शक्यता असेल तरी ते भेसळयुक्तच धरायचं. 1964 मध्ये वीझनफेल्ड वेअरहाउस केसमध्ये तर सुप्रीम कोर्टाने नुसतं साठवून ठेवणाऱ्या गोदामवाल्यालाही सोडलं नाही, त्याच्याकडे उंदीर, पक्षी, किडे सगळ्यांना मोकळं रान होतं असा आरोप होता. आणि गंमत म्हणजे जप्तीचा खटला मालकावर नसतो, मालावरच असतो, म्हणजे कागदोपत्री अमेरिका विरुद्ध अमुक इतकी खोकी!

लॅबवाली: सीलबंद म्हणजे सेफ हा गैरसमज आहे हो. उंदराचं मूत्र वाळलं की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तपासणीवाले अंधार करून अल्ट्राव्हायोलेट दिवा मारतात तेव्हा पोत्यांवर डाग चमकतात. पुराचं तर विचारूच नका, पुठ्ठ्याची खोकी गेलीच, फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यासुद्धा फेकायच्या कारण झाकणाच्या आट्यांत गाळ बसतो तो निघत नाही. पत्र्याचे डबे तेवढे वाचतात, तेही फुगलेले, गंजलेले किंवा जोडावर चेपलेले नसतील तरच, आणि लेबल काढून धुवून क्लोरीनच्या पाण्यातून काढावे लागतात.

चौकसबुद्धी: ओके, मग मालकाला माल परत मिळतच नाही का?

कायदेपंडित_नाही: मिळू शकतो ना. कोर्टात हक्क सांगायचा, खर्च भरायचा, बाँड (म्हणजे अटी पाळण्याची पैशांची हमी) द्यायचा आणि एफडीएच्या देखरेखीखाली माल निवडून साफ करायचा, तेही कोर्टाने परवानगी दिली तर. देखरेखीचा खर्चपण मालकाच्याच डोक्यावर. कोणी पुढे आलंच नाही तर एकतर्फी निकाल लागतो आणि बहुतेक वेळा माल नष्ट. आता लॉट मातीमोलाने उचललेला असेल तर एवढा खर्च कोण करत बसेल सांगा.